दहा धुराडी

आई आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणी शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको. आता हे मी सांगितलंच नाही असं समजू. आई यायची आहे. एक जूनला सकाळी स्खिपोल विमानतळावर उतरायची आहे, तिच्या बॅगेत दोन थर्मल, एक कुकरची रिंग आणि मेतकूट आहे, आणि ‘धन्यवाद’ला डच शब्द काय ते तिने पाठ केलंय, फक्त तो ती कुणाशी भांडत असल्यासारखा म्हणते. सगळं व्यवस्थित चालू आहे. एप्रिलचा शेवट आहे, मंगळवार आहे, आणि मी जिन्याखालच्या पेटीतून एक पत्र काढतोय. पत्र गेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून आहे. त्यात अतिशय नम्र भाषेत कळवलंय की मी तिथे राहत नाही. चौकशीअंती मी निघून गेल्याचं निष्पन्न झालं असून रहिवाशांच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे ‘गेला, ठिकाण अज्ञात’ असा शेरा मारण्यात आलाय. पत्र माझ्याच पत्त्यावर, माझ्याच नावाने आलं होतं. मी ते जिन्यात उभ्याने दोनदा वाचलं आणि मग, का कोण जाणे, पाय न वाजवता वर गेलो.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण गेमेंटेची काही चूक नव्हती. चूक रुचिरची होती, आणि ती चूक म्हणण्यापेक्षा कला होती. रुचिर माझा रूममेट, पुण्यापासूनचा. घराचा करार त्याच्या नावावर, मी आठ महिन्यांपूर्वी त्याच्याकडे राहायला आलो, त्याच्या संमतीने, रीतसर, सहीशिक्क्यानिशी. पेटीवर माझ्या नावाची पाटी तेवढी लावायची राहिली. त्यामुळे माझी दोन पत्रं परत गेली, त्यामुळे गेमेंटेला शंका आली, त्यामुळे एका दुपारी गळ्यात ओळखपत्र घातलेला एक सभ्य माणूस तीन जिने चढून आला आणि त्याने दारात रुचिरला विचारलं, की मोरेश्वर इथे राहतात का? मोरेश्वर मी. सत्ताविसाव्या वर्षी या नावाने वावरणं हा वेगळा विषय आहे. मी तेव्हा रॉटरडॅमला ऑफिसात होतो. आणि रुचिर म्हणाला, “नो नो सर. ओन्ली मी. ही लेफ्ट.” कुठे गेला? “नो आयडिया सर.”

“तू असं का म्हणालास?” मी त्याला त्या मंगळवारी विचारलं. तो पोहे करत होता. त्याने गॅस बारीक केला, खरोखर विचार केला, आणि म्हणाला, “मोऱ्या, त्याच्या हातात पॅड होतं रे.” मला लगेच समजलं. पुण्यात धनकवडीला करारावर तिघं आणि फ्लॅटमध्ये आम्ही सात जण होतो. सोसायटीचे सेक्रेटरी दामोदरकाका पॅड घेऊन यायचे आणि विचारायचे, किती जणं राहता? बेल वाजली की चौघं न सांगता बाथरूममध्ये. नळ सोडायचा नाही, खोकायचं नाही, चपला बादलीत. दार उघडायचं काम रुचिरचं. तो इतक्या निरागसपणे “आम्ही तिघंच काका” म्हणायचा, की बाथरूमच्या अंधारात उभं राहून ऐकताना मलासुद्धा वाटायचं, खरंच, आपण नाहीच आहोत. तीन वर्षं त्याने आम्हा चौघांना असं नाहीसं ठेवलं. एकदाही चुकला नाही. जगात आपला जीव वाचवायला एवढं मन लावून खोटं बोलणारी माणसं किती असतात? त्याने मला वाचवायलाच नाहीसं केलं होतं, फक्त देश बदलला होता हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी त्याच्यावर ओरडणार होतो. त्याने ताटलीत पोहे वाढले आणि वरून ओलं खोबरं घातलं, जे तो फक्त दिवाळीला आणतो. मग मी जेवलो. नसलेल्या माणसाला भूक चांगली लागते असं दिसलं.

अडचण अशी, की आईच्या व्हिसासाठी एक फॉर्म लागतो. त्यात मी लिहून द्यायचं, की या बाई माझ्याकडे राहतील. त्यावर गेमेंटेचा शिक्का लागतो. आणि ‘माझ्याकडे’ असं ठिकाणच आता उरलं नव्हतं. मी परत नोंद करायला वेळ मागितली तर एकवीस मे मिळाली. आईची व्हिसाची तारीख बारा मे. मधे नऊ दिवस. त्यापुढची व्हिसाची तारीख जुलैअखेर, आणि तिची रजा जून ते ऑगस्ट. ती रजा तिने दोन वर्षं अर्ज करून मिळवलेली. माझी आई, मालिनी, तालुक्याच्या गावी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला कारकून आहे. सप्टेंबरात ऑडिट असतं, तेव्हा रजा पुढे सरकत नाही. मी तिला फोन करून शेऱ्याचं सांगितलं. तारखांचं सांगितलं नाही. “असं कसं खोडलं?” ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी कमी आणि व्यावसायिक संताप जास्त होता. “पंचनामा केला का? दोन साक्षीदार घेतले?” मी म्हटलं, एकच, रुचिर. “एका साक्षीवर? आमच्याकडे मेलेल्या माणसाला मेला म्हणायला डॉक्टर लागतो, आणि तिकडे जिवंत माणसाला एका पोराच्या तोंडी जबाबावर? जावक क्रमांक काय आहे पत्राचा?” मी वाचून दाखवला. तिने लिहून घेतला. त्याचं ती तिकडे काय करणार होती कुणास ठाऊक, पण तिने तो लिहून घेतल्यावर मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

पुरावे आणा, असं गेमेंटेने म्हटलं होतं. मी राहतो याचे. मी आठवडाभर खोलीत पुरावे शोधले. माझी नोकरी हरवलेले कंटेनर शोधायची आहे; रॉटरडॅमच्या बंदरातला कुठला डबा कुठल्या थप्पीत कितव्या थरात आहे ते मी बसल्या जागी सांगू शकतो. डब्याला कुणी ‘गेला, ठिकाण अज्ञात’ म्हणालं तर आमच्याकडे तीन माणसांची झोप उडते. पण स्वतःचा माग काढायला बसलो तर हाती काही लागेना. वीज रुचिरच्या नावावर, इंटरनेट रुचिरच्या नावावर, आल्बर्ट हाइनमध्ये किराणा घेताना कार्ड वापरतो तेही रुचिरचं. सायकल कुणा स्वप्निलची, जो जर्मनीला गेला. डॉक्टरकडे कधी गेलो नाही, कारण आजारी पडलो नाही. आजारी न पडणं हा पहिल्यांदाच निष्काळजीपणा वाटायला लागला. शेवटी हाती आलं ते असं: उशीवर डोक्याचा खळगा, खिडकीत मी लावलेली आणि मेलेली कोथिंबीर, आणि बाथरूममध्ये आरशाच्या एका कोपऱ्यात टूथपेस्टचे शिंतोडे, जे रुचिरच्या उंचीला लागू होत नाहीत. रोज सकाळी दात घासताना मी त्या शिंतोड्यांकडे बघायचो. मधेच असं व्हायचं, की जिन्यात कुणाचा पाय वाजला की माझा ब्रश थांबायचा, खोकला यायचा तो दाबून धरायचो. सात वर्षांनी शरीराला बाथरूम आठवलं होतं. मी आहे हे सिद्ध करायचं होतं आणि मी लपत होतो.

रुचिरने प्रायश्चित्त म्हणून दहा मेच्या शनिवारी सहल काढली. त्याची मामेबहीण जयंती एनस्खेडेला पीटवर संशोधन करते. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती. ती वाळवून विटा पाडतात आणि पूर्वी त्या इथे आपल्या शेणी-गोवऱ्यांसारख्या जाळायचे. तिच्या नमुन्यांच्या जागेजवळ, जर्मन हद्दीला लागून, गौडव्हेन म्हणून ओसाड गाव आहे, सोन्याच्या नादाने वसलेलं आणि सोन्याच्याच नादाने उठलेलं. भुताचं म्हणून प्रसिद्ध. “मोऱ्याला तिथे घेऊन ये,” जयंती फोनवर म्हणाली होती, “आपल्या लोकांत बरं वाटेल त्याला.” भाड्याच्या गाडीत दोन तास मी मागच्या सीटवर बसलो होतो, आणि परवा बारा तारीख आहे आणि आईला अजून सांगितलेलं नाही, एवढंच रस्त्याकडेच्या प्रत्येक पवनचक्कीबरोबर डोक्यात फिरत होतं. सांगायला वाक्य तयार होतं. पण सकाळी तिने थर्मल घालून फोटो पाठवला होता, बेचाळीस डिग्रीत, पंख्याखाली, सॅल्यूट करत. त्या फोटोला मी अंगठा पाठवला होता.

गाव म्हणजे बांधाच्या खाली दोन रांगांत दहा घरं, टोकाला एक दुमजली हॉटेल, आणि कालव्यावर एक उचलता पूल. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं, मेंढ्या होत्या. भुतांच्या दृष्टीने सगळं प्रतिकूल. हॉटेलच्या दारात हेन्नी नावाचे म्हातारे उभे होते. चाळीस वर्षं या भागात टपाल वाटलेले, आता शनिवारी फुकट गाव दाखवतात. जयंतीला ते ओळखत होते. तिने माझी ओळख करून दिली, “याला गेमेंटेने खोडलंय.” हेन्नींनी टोपी काढली आणि माझ्याशी हात मिळवला. त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता आणि नखांत काळं होतं. मग त्यांनी गोष्ट सांगितली, घाई न करता, जयंती मराठीत करून सांगेपर्यंत प्रत्येक वाक्यानंतर थांबत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या हॉटेलवाल्याकडे गिऱ्हाईक येत नव्हतं. एक दिवस त्याच्या विहिरीच्या गाळात सोन्याचे कण सापडले. सहा महिन्यांत तीनशे माणसं आली. दलदल खणली, घरं बांधली, तोलणारा आला, न्हावी आला, सोन्याचं स्वप्न पडायला कुठल्या कुशीवर झोपायचं ते सांगणारा एक जण आला, आणि सगळे जेवायला हॉटेलात. दोन वर्षांत सगळ्यांनी मिळून जे सोनं काढलं ते सहा ग्रॅम भरलं. मग एका सोनाराने ते भिंगाखाली धरलं आणि सांगितलं, हे कानशीने घासलेलं आहे. हॉटेलवाल्याने बायकोची लग्नाची अंगठी रोज थोडी थोडी घासून विहिरीत टाकली होती. “अरे काय माणूस आहे!” रुचिर म्हणाला, आणि त्याच्या स्वरात निखळ आदर होता, खोट्यातला माणूस खोट्याला ओळखतो. तीनशे माणसं एका हिवाळ्यात उठून गेली. हॉटेलवाला सगळ्यांच्या आधी. मागे राहिली त्याची बायको. तिचं नाव आल्ट्ये.

प्रांताचा नियम असा होता, हेन्नी म्हणाले, की दहा चुली पेटत असतील तर ते गाव. पूल दुरुस्त होणार, टपाल येणार, नकाशावर नाव राहणार. नऊ झाल्या की नाही. दर ऑक्टोबरात एक निरीक्षक घोडागाडीतून बांधावर यायचा आणि धुराडी मोजायचा. आल्ट्ये एकटी होती. ती पहाटे उठायची, टोपलीत पीटच्या विटा घ्यायची आणि दहाही घरांत चूल पेटवत जायची. दहाव्या घरी पोचेपर्यंत पहिली विझत आलेली असायची, मग परत पहिल्यापासून. निरीक्षक कोणत्या दिवशी येईल ते माहीत नसायचं, म्हणून ती रोज पेटवायची. नोंदवहीत घरवार नावं तिच्याच अक्षरात आहेत, दरवर्षी भरलेली. गेलेल्यांना तिने वयं दिली, आजार दिले, दोघांची लग्नं लावली. कुणी म्हणालं, बाई, शहरात जा, काय आहे इथे? तर ती म्हणायची, माझी अंगठी आहे, इथेच कुठेतरी सांडलीय, गाव पुसलं तर शोधायची कुठे? तेहतीस वर्षं. “आणि निरीक्षकाला कळलं नाही?” मी विचारलं. हेन्नी बांधाकडे बघत म्हणाले, “तो कधी गाडीतून उतरला नाही. वरूनच मोजायचा, दहा लिहायचा, हॅट उचलायचा आणि जायचा. उतरला असता तर संपलं असतं.” एका मार्चमध्ये आल्ट्ये वारली. त्या ऑक्टोबरात निरीक्षकाने वहीत लिहिलं: गौडव्हेन, दहा धुराडी, धूर व्यवस्थित. पुढच्या वर्षी पण. त्याच्या पुढच्या वर्षी पण. मग तो निवृत्त झाला. “म्हणजे एकतर भूत,” हेन्नी म्हणाले, “नाहीतर निरीक्षक. लोकांनी भूत निवडलं. निरीक्षक खोटं लिहितो यावर कोण विश्वास ठेवणार?”

मी घरं बघत एकटा पुढे गेलो. माझ्या मनात एक फार साधी गोष्ट चालू होती, साखरेची. मी आठवीत असताना बाबा वारले. त्यांची नोंद आईनेच केली, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या टेबलावर, कारण त्या दिवशी दुसरे कारकून दिनकरकाका रजेवर होते. पण रेशनकार्डावरचं नाव कमी करायला वेगळा अर्ज करावा लागतो, दुसऱ्या कचेरीत. तो तिने केला नाही. दिवसभर लोकांची माणसं कमी करणारी बाई, तिला तो एक अर्ज नऊ वर्षं लिहिता आला नाही, आणि नऊ वर्षं आमच्याकडे बाबांची साखर येत राहिली. आम्ही दोघं चहा गोड प्यायचो. मी एकदा म्हटलं, आई, हे बेकायदेशीर आहे. ती बंबात शेणी सारत होती, ऑफिसआधी पाणी तापवायला. धुरात डोळे बारीक करून म्हणाली, “वाढवायला घाई करावी लागते रे. कमी करायला कसली घाई?” त्या धुराचा वास तिच्या ऑफिसच्या साडीला असायचा. तोच वास मला आत्ता येत होता. मी सातव्या घराच्या दारात उभा होतो आणि वास घरातून येत होता, शेणीसारखा, जरा आंबट, जरा गोड. मागून रुचिर आला, त्याने हुंगलं, वर बघितलं. धुराड्यातून पातळ धूर निघत होता. “मोऱ्या,” तो हळू आवाजात म्हणाला, “घर चालू आहे.” आणि दलदलीच्या त्या सपाट प्रदेशात, भर दुपारी, बी.ई. कॉम्प्युटर, तो पुलापर्यंत पळत गेला. जयंती तिकडून ओरडली, “अरे घाबरट, उन्हात पीटचा वास येतोच!” पण धुराबद्दल तीही काही बोलली नाही.

आत एक खोली, एक पलंग, एक लोखंडी शेगडी. मी शेगडीवर हात ठेवला. गरम होती. मला भीती वाटायला हवी होती, मी तिची वाटसुद्धा बघितली. त्याऐवजी मी दुसराही हात ठेवला. कुणीतरी इथे रोज, कुणी बघत असो वा नसो, मोजत असो वा नसो, मी येणार आहे की नाही हे माहीत नसताना, सकाळी वाकून हे पेटवलं होतं. हेन्नींच्या नखांतलं काळं मला आठवलं. बाहेर ते पाठमोरे उभे होते, मेंढ्यांकडे बघत, एखाद्याने काही विचारू नये म्हणून माणूस जसा उभा राहतो तसे. मी विचारलं नाही. गाडीतून न उतरण्याची मलाही संधी होती.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला आणि तयार वाक्य तोंडाशी आणलं. “आई, ऐक, त्या तारखा...”

“मी रजा परत केली काल,” ती म्हणाली. “बारा माझी आणि एकवीस तुझी, रुचिरने सांगितली. मला बेरीज-वजाबाकी येते. तू सांगशील म्हणून थांबले होते, पण साहेबांना शुक्रवारीच कळवायला लागतं.”

“मग सकाळी थर्मल घालून फोटो कसला पाठवलास?”

“आणलेत तर घालून बघायला नको? जरा ढगळ होतात.” मग तिने मान पुढे काढली. “तिकडे धूर कसला? कुणाचं घर आहे ते?”

“एका बाईंचं.”

“घरात आहेत का त्या?”

तीनशे माणसं गेलेल्या गावात, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या बाईच्या खोलीत, मला हा प्रश्न अतिशय सोपा वाटला. तीन जिने वर, गेमेंटेच्या माणसासमोर, रुचिरला जो जड गेला, तोच. “आहेत,” मी म्हणालो.

“मग चपला काढल्यास का?” आई म्हणाली. “आणि चहा दिला तर नाही म्हणू नकोस.”

मी बूट काढले. फरशी पायाला उबदार लागली. आईला दिसेल असा मी फोन शेगडीवरून हळूहळू फिरवला, पलंग, खिडकी, पलीकडची नऊ घरं. आई सगळं बारकाईने बघत होती, तपासणीला आल्यासारखी. शेवटी म्हणाली, “छान ठेवलंय.” तिच्याकडून नोंद मिळणं सोपं नाही.

एकवीस तारखेला गेमेंटेने मला परत वहीत घेतलं. चार मिनिटं लागली. बाई हसून म्हणाली, वेलकम बॅक. मी कुठे गेलो होतो ते तिने विचारलं नाही. पेटीवर पाटी लावली. मग ऑगस्ट सरल्यावर घरी बसून खालील अर्ज लिहिला, आईने फोनवरून मसुदा दुरुस्त करून दिला, आणि तो मी गौडव्हेनच्या पत्त्यावर टाकला आहे, तिथे टपाल हेन्नी बघतात.

प्रति,
मा. निरीक्षक (धुराडी), प्रांत कार्यालय,
मुक्काम: बांधावर, गाडीत.

विषय: मौजे गौडव्हेन, घर क्रमांक सात येथे पाहुण्यांची नोंद होणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, श्रीमती मालिनी, नोकरी नगरपालिका, या दिनांक एक जून ते एकतीस ऑगस्ट या कालावधीत सदर घरी मुक्कामास होत्या. त्या पहाटे उठून चूल पेटवीत. धूर व्यवस्थित होता. घरमालकीणबाईंची हरकत नाही. रजा नामंजूर नसून परत केलेली आहे, सबब ती वापरली असे समजण्यास अडचण नसावी. त्यांच्यासोबत त्यांचे यजमान यांचेही नाव लावावे. साखर आम्ही आणू. अर्जदाराचे नाव कमी झाले होते ते पुन्हा वाढले आहे, करिता अनुभव आहे.

तरी सदर नोंद घेऊन उपकृत करावे, ही विनंती. आपण गाडीतून उतरण्याची आवश्यकता नाही.

आपला विश्वासू,
मोरेश्वर
(येथेच राहतो)

सोबत: मंजूर रजेची सत्यप्रत. थर्मलमधील छायाचित्र, एक.